घर घेण्याआधी त्याची वंशावळ विचारा



'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपली जुनी माणसं म्हणतात. दोन्हींत माणसाचा कस लागतो, हा त्याचा अर्थ. पण तयार घर विकत घेताना काय पाहावं, याची म्हण कुणी सांगून ठेवलेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात घर वारशानं मिळायचं, नाहीतर बांधलं जायचं. विकत घेणारं घराणं गावात एखादंच, आणि बाईनं विकत घेणं तर त्याहून दुर्मीळ.

आता दिवस बदललेत. आम्ही गटांच्या बैठका घेतो तेव्हा कर्जाच्या अर्जांत शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला 'घर घेणे' हे कारण दिसायला लागलंय. कुणाला गावातच स्वतंत्र घर हवंय, कुणाला तालुक्याला मुलांच्या शाळेजवळ दोन खोल्या हव्यात. मग आम्ही विचारतो, घर कसं आहे? उत्तर येतं, स्लॅबचं आहे, बोअर आहे, रस्त्याला लागून आहे. मग विचारतो, ते आधी कुणाचं होतं? तिथं बैठक गप्प होते.

सोयरीक जुळवताना आपण मुलाचा मामा कोण, आत्या कुठं दिली, चुलत्याचं काय, हे सगळं विचारून घेतो. जन्मभराची पुंजी ज्यात घालायची त्या घराची मात्र एका पिढीचीही चौकशी करत नाही. म्हणून आजच्या भागात घराच्या कागदांचा इतिहास सांगायचा आहे. कोणता कागद कधी आला आणि कशासाठी आला, हे कळलं की तो किती विश्वासाचा, हे आपोआप कळतं. आणि त्या कागदांत बाई कुठं होती, कुठं नव्हती, तेही कळतं.

काळी आणि पांढरी

जुन्या काळी गावाचे दोन भाग मानत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. अजूनही म्हातारी माणसं 'गावची पांढरी' म्हणतात ती हीच. गावात ज्यांचा पिढीजात हक्क ते मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारे ते उपरी. कुणाचं घर कुठून कुठवर, याची खरी नोंद गावाच्या आठवणीत असायची. शेजारी, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार या सगळ्यांना ते माहीत असे.

तंटा झालाच तर गोतसभा बसायची आणि निवाड्याचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणत. लिहिता न येणारे निशाणी करत. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. म्हणजे कागदावर बाई अगदीच नव्हती असं नाही. पण ती यायची ती बहुधा कुणाची तरी विधवा किंवा आई म्हणून. घराचा धनी म्हणून तिचं नाव क्वचितच लागायचं.

या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती. गावाला न कळवता घर विकणं अवघड होतं. आणि एक गोष्ट वाईट होती. गावानं तोंड फिरवलं की ज्याचं बळ कमी त्याचं घर गेलं. आजही आपण 'सगळ्या गावाला माहितीय, घर त्यांचंच आहे' असं ऐकून समाधान मानतो, ते या जुन्या सवयीमुळं. गावाची साक्ष आजही जरूर घ्यावी, पण खरेदी तेवढ्यावर होत नाही.

घराला सातबारा का नाही?

इंग्रजी अंमल आला. सरकारला हवा होता शेतसारा, आणि सारा येतो काळीतून. १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची मोजणी आणि आकारणी सुरू केली. पुढं ती मुंबई इलाख्यात पसरली. शेताशेताला सर्व्हे नंबर पडले, आकार ठरला. पांढरीतून सारा येत नव्हता, म्हणून तिच्याभोवती एक रेघ मारून 'गावठाण' म्हणून ती सोडून दिली. आत कुणाचं घर केवढं, ही नोंद बहुतेक गावांत झालीच नाही.

आज गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्याचं मूळ इथं आहे. कुणी म्हणालं, 'घराचा सातबारा दाखवतो', तर समजा की एक तर ते घर शेतजमिनीवर उभं आहे, नाहीतर तो माणूस दुसऱ्याच जागेचा कागद दाखवतोय.

इंग्रजांच्याच काळात आणखी दोन कायदे झाले, आणि ते आजही लागू आहेत. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं ठरवलं की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत खतानंच. त्या काळात १०० रुपये ही मोठी रक्कम होती. आज १०० रुपयांत घराचं दारही येत नाही, म्हणजे प्रत्येक घराला हा नियम लागला. दुसरा १९०८चा नोंदणी कायदा. त्यानुसार खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावं लागतं.

हे आम्ही इतकं ठासून सांगतोय, कारण अजूनही ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहून, नोटरीचा शिक्का मारून 'घर विकलं' असं म्हणतात. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, मालकी देत नाही. तसंच मुखत्यारपत्राचं. मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र असे तीन कागद हातात देऊन घर विकण्याची रीत पडली होती. असल्या कागदांनी मालकी जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये दिला. साठेखतसुद्धा पुढं विकण्याचा करार असतो. मालकी जाते ती नोंदवलेल्या खरेदीखतानं.

नमुना आठ, आठ-अ आणि मिळकत पत्रिका

स्वातंत्र्यानंतर १९५८चा ग्रामपंचायत कायदा आला. घरपट्टी वसूल करण्यासाठी ग्रामपंचायत करआकारणीची नोंदवही ठेवू लागली. तिला आपण नमुना नंबर आठ म्हणतो. गावात घराचा उतारा म्हणून हातात पडतो तो हाच.

इथं दोन घोटाळे होतात. पहिला नावाचा. नमुना आठ ग्रामपंचायतीचा, घराच्या पट्टीचा. आठ-अ तलाठ्याकडचा, शेतीच्या खात्याचा. दुसरा घोटाळा मोठा आहे. नमुना आठ ही कराची नोंद आहे. पट्टी कुणी भरायची एवढंच ती सांगते. मालक कोण, हे तिच्यावरून पक्कं होत नाही. कोर्टातही ती एकटी टिकत नाही. घरपट्टीची २० वर्षांची पावती असली तरी तो वहिवाटीचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल, खरेदीखताची जागा घेणार नाही.

मग गावठाणातल्या घराला मालकीचा कागद असतो तरी का? १९६६च्या जमीन महसूल कायद्यानंतर साधारण २,००० पेक्षा जास्त वस्तीच्या गावांची गावठाण मोजणी करायची सोय झाली. जिथं ती झाली तिथं घराला मिळकत पत्रिका असते, तिलाच प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. लहान गावं तशीच राहिली. अलीकडं पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं हीच कल्पना 'स्वामित्व' नावानं देशभर जाहीर केली. इंग्रजांनी जी पांढरी रेघ मारून सोडली होती, ती मोजायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली.

तुमच्या गावात ही मोजणी झाली असेल तर विकणाऱ्याकडं मिळकत पत्रिका मागा. त्यावरचं नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा वाचा. मग जागेवर जाऊन पावलांनी मोजा. कागदावर पूर्वेला रस्ता आणि जागेवर पूर्वेला कुणाचा गोठा, असं निघालं तर तिथंच थांबा. पत्रिकेवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का, तेही तिथंच कळतं.

गावाबाहेरचे प्लॉट

गावठाण भरलं, तशी घरं शेतात गेली. आता एक गुंठा, दोन गुंठे असे प्लॉट पाडून विकतात. पण शेताचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७मध्येच तुकडेबंदीचा कायदा झालाय. त्यामुळं शेतातला गुंठा-दोन गुंठे खरेदी करताना नोंदणीत किंवा सातबाऱ्यावर नाव लावताना अडचण येते. आधीच पडलेले असे प्लॉट नियमित करायला २००१मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून प्लॉट बघताना विकणाऱ्याला न विचारता तलाठी आणि दुय्यम निबंधक कचेरीत विचारा की या गटातल्या एवढ्या तुकड्याची खरेदी आज नोंदवली जाईल का? जमीन बिगरशेती झाली आहे का? विकणारा म्हणेल 'होऊन जाईल', तर झाल्यावरच पैसे द्या.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलं असेल तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी बांधवांची जमीन बिगरआदिवासी माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, हा नियम १९७४पासून अधिक कडक झाला. तालुक्याला नव्या इमारतीत खोली घेणार असाल, तर मोठ्या प्रकल्पांना २०१७पासून महारेराची नोंदणी लागते. तो नंबर मागा.

लेकींच्या सह्या

आता मुख्य गोष्टीकडं येऊ. घराची वंशावळ विचारताना आपल्याला फक्त भाऊ भेटतात. 'आम्ही दोघे भाऊ, दोघेही सही करतो' असं ते म्हणतात आणि आपण निश्चिंत होतो. घरातल्या लेकी कुठं आहेत?

त्यांचा इतिहासही ऐका. १९३७च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण हयातीपुरता, मनाप्रमाणं विकायचा हक्क नव्हता. लेकीला समान हक्क मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं आणि ते रखडल्यावर १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६मध्ये वारसा कायदा झाला. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच वाटा मिळाला, आणि विधवेचा हिस्सा पूर्ण मालकीचा झाला. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलगा जन्मतः हिस्सेदार आणि मुलगी नाही, हा भेद राहिला. तो महाराष्ट्रानं १९९४मध्ये आणि सगळ्या देशानं २००५मध्ये काढला. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये आणखी स्पष्ट केलं की २००५मध्ये वडील हयात होते की नव्हते, यावर लेकीचा हक्क अवलंबून नाही. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या मोडत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती लेकींनाही त्यांच्या-त्यांच्या कायद्यानं वाटा आहेच.

आता हिशेब करू. समजा, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर घेतलं, मृत्युपत्र न करता ते वारले. मागं आई, दोन मुलगे, तीन मुली. सगळे मिळून सहा जण, सहा सारखे वाटे. दोन भावांनी सह्या केल्या, तर सहापैकी दोन वाटे विकले. पैसे आपण पूर्ण घराचे मोजले आणि हातात आला तिसरा हिस्सा. उद्या एखादी बहीण कोर्टात गेली, तर तिची तक्रार खरी असेल.

बहिणींनी हक्क सोडला असं सांगतील. मग नोंदवलेलं हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. तोंडी सोडलेला हक्क किंवा राखीला लिहून दिलेला साधा कागद चालत नाही. वारस नोंदीच्या फेरफारात सगळ्या वारसांची नावं आहेत का, तेही बघा. जमलं तर त्या बहिणीला जाऊन भेटा. 'ताई, घर आम्ही घेतोय, तुमची काही हरकत?' एवढंच विचारा. तिच्या तोंडावरून बरंच कळतं.

यात आपल्या पैशाची राखण आहेच, पण तेवढंच नाही. आपल्यापैकी कितीजणींकडून माहेरच्या घरावर सही मागितली गेली आहे! कुठं अंगठा उठवायचा एवढंच सांगितलं, कागदात काय आहे हे नाही सांगितलं. विकत घेणाऱ्यानं तेव्हा आपल्याला विचारलं असतं तर? आपलं घर दुसऱ्या बाईच्या बुडवलेल्या वाट्यावर उभं राहू नये. स्वस्तात मिळतंय म्हणून बहिणींच्या सह्यांशिवाय घर घ्यायचं नाही, असा ठराव गटांनी करायला हवा.

घेणाराच्या रकान्यात कुणाचं नाव?

विकणाराचं बघून झालं. आता आपलं. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं १९८६मध्ये चांदवडला मोठं अधिवेशन घेतलं. त्यानंतर १९९०च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करावा, असं आवाहन गावोगाव झालं. १९९२मध्ये सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावण्याचं परिपत्रक सरकारनं काढलं. २००३मध्ये 'घर दोघांचे' मोहीम आली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावायचा निर्णय झाला.

दारावर दोघांच्या नावाची पाटी लागली, ही मोठीच गोष्ट होती. पण मघाशी पाहिलं ते आठवा. नमुना आठ ही कराची नोंद. तिथं नाव असणं चांगलं, पण मालकीचं नाव खरेदीखतातच असावं लागतं. नंतर नाव लावू, असं म्हणून चालणार नाही. नंतर लावायचं तर नवा दस्त, नवा खर्च.

१ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. १० लाखांच्या घराला १०,००० रुपये वाचतात. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, अशी अट आधी होती, ती २०२३मध्ये काढली. ही सवलत खरेदी फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर असेल तर मिळते, नवऱ्यासोबत जोडनाव असेल तर नाही. एकटीचं नाव की दोघांचं, हे ज्या त्या घरानं बसून ठरवावं. आमचं म्हणणं एवढंच, की गटाचं कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या मजुरीतून आणि घर फक्त बाप्याच्या नावावर, हे चालणार नाही. कर्ज फिटेपर्यंत ती जबाबदार आणि फिटल्यावर ती परकी, असा व्यवहार गटानं मंजूर करू नये.

शोध कसा घ्यायचा

कचेरीच्या भाषेतही 'शोध' हा शब्द आहे. दुय्यम निबंधकाकडं सूची दोन असते, तिला इंडेक्स टू म्हणतात. त्या मिळकतीचे कोणते दस्त कधी नोंदले, विकत घेणारा कोण, विकणारा कोण, हे तिथं दिसतं. अलीकडच्या वर्षांची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही बघता येते. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतात. त्याला थोडे पैसे पडतात, ते वाचवू नका.

तेव्हा क्रम असा ठेवा. घर एकदा उन्हात आणि एकदा भर पावसात बघा. शेजारणीला पाणी, वाट आणि सांडपाण्याचं विचारा. मग विकणाराला घर कसं मिळालं ते विचारा, आणि त्याचा कागद बघा. वारसांची यादी लिहून घ्या, लेकींसह. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, फेरफार आणि नमुना आठ नवे काढलेले घ्या, जुन्या झेरॉक्स नकोत. शोध अहवाल घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. इसार द्यायचा तो तुमच्या खात्यातून चेकनं, पावती घेऊन. बाकी रक्कम नोंदणीच्या वेळी. २००१च्या दुरुस्तीपासून दस्तावर घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे लागतात, म्हणून कचेरीत स्वतः जा. जुन्या काळी बांगडीची निशाणी असायची, आता तुमचा चेहरा असतो. खरेदी झाली की मिळकत पत्रिका, नमुना आठ आणि वीजमीटर तिन्ही ठिकाणी नाव लागेपर्यंत काम संपलं असं समजू नका.

ज्यांच्याकडं जागाच नाही आणि घरकुल मंजूर आहे, त्यांनी ग्रामपंचायतीत पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी करावी. २०१५मध्ये ती ५०,००० रुपयांच्या मदतीनं सुरू झाली, पुढं मदत १ लाखापर्यंत वाढली. ती जागा घेतानाही हाच शोध घ्यायचा आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक काम करून यावं. ज्या घरात आज राहता त्याचा नमुना आठ ग्रामपंचायतीतून काढून आणा. मिळकत पत्रिका असेल तर तीही आणा. कुणाकुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलंय, हे आपण गटात मोठ्यानं वाचू. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीचा कागद शेजारणीनं वाचावा. ज्यांचं नाव राहिलंय त्यांची यादी करू आणि ग्रामसभेत एकत्र जाऊ.